रुपयाच्या माहेरी

देवघराच्या फडताळात, नाहीतर कपाटाच्या चोरकप्प्यात, तुमच्याकडेही एखादी खणाची पुरचुंडी असेलच. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला ती बाहेर निघते. आतले चांदीचे रुपये चौरंगावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, भाऊबीज झाली की पुन्हा गाठ मारून ठेवून द्यायचे. सासूबाईंनी दिली म्हणून आपण सांभाळायची, आपल्या सुनेने आपल्यामागे सांभाळायची. आत नेमके काय आहे हे कुणी विचारत नाही. मीही सव्वीस वर्षे विचारले नव्हते.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यांच्या पुरचुंडीत चोवीस रुपये होते आणि आम्ही जावा तिघी. "आठ-आठ वाटून घ्या गं, भांडू नका," असे त्या दोनतीनदा तरी म्हणाल्या होत्या. हिशेब सोपा. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "वाटायचे तरी कशाला? चांदी एवढी चढली आहे, एकदम मोडू आणि पैसे तिघींत वाटू." म्हणून त्या आणि मी आमच्या साताऱ्यातल्याच एका सराफी पेढीवर गेलो. तिथल्या माणसाने पुरचुंडी सोडली, दोन नाणी बाजूला सारली, बाकीची सगळी एका पारड्यात ओतली आणि म्हणाला, "जुन्या रुपयात अर्धीच चांदी असते. अर्धी धरून भाव देतो, वर घट वजा."

मला चांदीतले काही कळत नव्हते. पण चोवीस नाण्यांकडे न बघता एका पारड्यात ओतणे, हे काही मनाला पटेना. रद्दीवालासुद्धा वर्तमानपत्र आणि वह्या वेगवेगळ्या करतो! "विचार करून सांगतो," म्हणून आम्ही उठलो. धाकटी जाऊ पुण्याला असते. तिला फोन केला तर ती म्हणाली, "वहिनी, मुंबईला जाऊ या. माझ्या ओळखीतल्या एकांनी फोर्टातल्या जुन्या नाणीवाल्याचे नाव दिले आहे. आणि रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालयही तिथेच आहे, तेही बघू." मोठ्या जाऊबाईंचे गुडघे दुखतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा, पण एकही रुपया हरवू नका."

मग काय, धाकटीकडे मुक्काम करून सकाळच्या डेक्कन क्वीनने आम्ही दोघी निघालो. पुरचुंडी माझ्या पर्समध्ये, पर्स मांडीवर आणि दोन्ही हात पर्सवर. घाटातला धबधबासुद्धा मी मान न वळवता पाहिला.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात (आमच्या आत्या अजून बोरीबंदरच म्हणतात) की टॅक्सी करू नका. फोर्टातला हा भाग पायीच बघण्यासारखा आहे. आधी मोठे टपाल कार्यालय लागते. १९१३ साली पुरी झालेली ही इमारत विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेली आहे. तिच्या पाठच्या अंगाला जो रस्ता लागतो त्याचे नावच मिंट रोड, म्हणजे टांकसाळीचा रस्ता. त्या बाजूने शहीद भगतसिंग मार्गावर आलात की रिझर्व्ह बँकेचा उंच मनोरा दिसतो, आणि त्याच्या समोर कुंपणाआड, ग्रीक देवळासारख्या खांबांची एक जुनी शांत इमारत. ती मुंबईची टांकसाळ.

आत सोडत नाहीत, तिथे अजून सरकारी काम चालते. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहूनच पाहिली. १८२४ ते १८२९ या काळात मेजर जॉन हॉकिन्स नावाच्या लष्करी इंजिनिअरने ती बांधली. नाणी पाडायची वाफेची यंत्रे इंग्लंडहून जहाजाने आणली होती. त्याआधी आपल्याकडे रुपया हातोड्याने पडायचा. चांदीची चकती ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घाव घालायचा. घाव तिरका बसला की अक्षरे अर्धी बाहेर! यंत्रातून, म्हणजे कळेतून, निघालेला गोल, काठाला बारीक दाते असलेला रुपया लोकांनी पाहिला आणि त्याला नाव दिले 'कलदार'. आजी म्हणायची ना, "खणखणीत कलदार मोजून दिले हो लग्नात!" तो हा शब्द. मला तो आजवर नुसता जोराचा शब्द वाटत होता.

धाकटी म्हणाली, "वहिनी, म्हणजे हे रुपयांचे माहेर." खरेच की! पर्समधले कितीतरी रुपये याच दारातून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाहेर पडले असतील. पण सगळे नव्हेत. काही कलकत्त्याचे असतात, एखादा लाहोरचा. कोणता कुठला हे नाण्यावरच लिहिलेले असते. कुठे, ते पुढे सांगते.

टाऊन हॉलच्या पायऱ्या डाव्या हाताला ठेवून आम्ही हॉर्निमन सर्कलच्या सावलीत थोडे बसलो, डब्यातले दशमी-पिठले खाल्ले आणि सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या संग्रहालयात गेलो. रिझर्व्ह बँकेने २००४ साली ते सुरू केले. ठसे मारलेल्या चांदीच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या तुकड्यांपासून कागदी नोटांपर्यंत सगळे तिथे ओळीने मांडलेले आहे. एक सांगते, तिथे कुणी तुमच्या नाण्याची किंमत करून देत नाही. ते त्यांचे काम नव्हे. पण स्वच्छ, न झिजलेले नाणे कसे दिसते हे आधी डोळ्यांत भरून घ्यायला त्यासारखी जागा नाही. कोरी पैठणी एकदा पाहिली की जुनीचा विट कुठे गेला ते कळते, तसेच हे. जाणार असाल तर सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्या.

पेशवाईतल्या नाण्यांपाशी मी जरा जास्तच रेंगाळले. त्या काळचा मराठ्यांचा रुपयासुद्धा फारसी अक्षरांचा, दिल्लीच्या बादशहाच्या नावाचा असे. मराठ्यांची खूण म्हणजे त्यात एखादे बारीक चिन्ह. हत्तीच्या अंकुशाचे चिन्ह असलेला तो अंकुशी रुपया. गावोगावच्या टांकसाळी, प्रत्येकीचा कस निराळा. मग एका गावचा रुपया दुसऱ्या गावी चालवायचा तर सराफ तो वाजवून, घासून पाही आणि फरक कापून घेई. त्या कापून घेतलेल्या पैशांना म्हणत बट्टा. 'नावाला बट्टा लागला' असे आपण सहज म्हणतो तो बट्टा हाच. आणि खजिन्यात आलेले नाणे पारखून घेणारा तो पोतदार. आमच्या शेजारच्या पोतदार वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या चार दिवस तोऱ्यात होत्या.

तिथून नाणीवाल्यांकडे. एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढून गेलो. खोली एवढीशी, भिंतीपर्यंत खण, टेबलावर हिरवे फेल्ट, एक भिंग आणि सोनाराचा छोटा काटा. सत्तरीचे गुजराती गृहस्थ, मराठी चांगले बोलत. त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? मी रुपये टेबलावर ओतायला लागले तर माझा हात धरला! "बेन, एकेक. आणि काठाला धरून. तोंडावर बोट नको." बोटाच्या घामाचा डाग चांदीवर कायमचा बसतो म्हणाले.

मग त्यांनी चोवीस रुपयांच्या रांगा केल्या. तेवढ्यानेच आमचे डोळे उघडले.

पहिली रांग सोळा रुपयांची. तीन राणीछाप, चार एडवर्डचे आणि नऊ पाचव्या जॉर्जचे. एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, सासूबाई त्याला 'बोडक्या' म्हणायच्या. १८३५ पासून पाचव्या जॉर्जपर्यंतच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. जुन्या बायका 'रुपयाभर हिंग', 'रुपयाभर केशर' म्हणत त्या याच मापाने. शेर म्हणजे ऐंशी रुपये भार. हल्ली सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, ते निराळे. या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी असते. म्हणजे एका रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. अर्धी मुळीच नाही.

दुसरी रांग चारांची, सहाव्या जॉर्जचे, १९४० ते १९४५ मधले. महायुद्धात चांदी पुरेना म्हणून १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्मी केली. निम्मी चांदी, बाकी बहुतेक तांबे, थोडे निकेल आणि जस्त. झिजला की हा रुपया पिवळट-तांबूस दिसतो. याच्या काठाला नुसते दाते नाहीत, मधोमध एक खाच फिरवलेली असते. यात ५.८३ ग्रॅम चांदी.

आणि सराफाने बाजूला सारलेली ती दोन? १९४७ ची, मागे वाघ. त्यात चांदीचा कणही नाही, निखळ निकेल. काकांनी खणातला लोहचुंबक जवळ नेला तर टुणकन चिकटली. चांदी चुंबकाला चिकटत नाही. फ्रीजच्या दारावरचे शोभेचे चुंबक असते ना, त्याने ही परीक्षा तुम्हांला घरीच करता येईल. आम्ही इतकी वर्षे या दोन निकेलच्या नाण्यांची लक्ष्मी म्हणून पूजा केली. हरकत नाही म्हणा, देवीला भाव कळतो!

आता हिशेब बघा. सोळा पूर्ण चांदीचे रुपये, झीज सोडली तर त्यात १७१ ग्रॅम चांदी. साताऱ्याच्या पेढीवरचा माणूस तीच ९३ ग्रॅम धरत होता. वर घट वेगळी. चांदीचा भाव रोज बदलतो, म्हणून रुपयांत सांगत नाही. तुम्ही आजचा किलोचा भाव घ्या, हजाराने भागा आणि १०.६९ ने गुणा. भाव हिशेबापुरता लाखभर धरला तर एका रुपयाचे १०६९ होतात आणि अर्ध्या चांदीच्या रुपयाचे ५८३. यापेक्षा फार कमी कुणी सांगितले तर पुरचुंडीची गाठ मारून उठा. सराफ थोडे कापणारच, त्यालाही गाळणावळ पडते. पण किती कापता आणि चांदी किती धरता, हे दोन प्रश्न विचारायला लाजू नका.

उरली दोन नाणी. एकावर चारमिनार. हा निजामाचा हाली सिक्का. सासूबाईंचे माहेर उदगीरकडचे, तिकडून आला असणार. मराठवाड्यात त्या वेळी हाली आणि कलदार असे दोन रुपये चालत, आणि हाली थोडा हलका, ११.१८ ग्रॅमच्या आसपास. चांदीही कमी, शंभरात ८२ भाग. दुसरे नाणे जाड, ओबडधोबड, फारसी अक्षरे अर्धी बाहेर गेलेली. मी तर ते खोटेच समजत होते. काकांनी भिंगाखाली धरले आणि मला म्हणाले, "बघा." तो अंकुश! संग्रहालयात काचेआड पाहिलेला, तोच. त्याच्या अंगावर दोनतीन बारीक टोचेही होते. ते पूर्वीच्या सराफांनी पारखताना मारलेले. काका म्हणाले, अशा जुन्या नाण्याला चांदीच्या भावाने तोलणे म्हणजे जुनी पोथी कागदाच्या भावाने विकणे.

मग खरी पारख सुरू झाली. संग्रह करणारा माणूस नाण्याचे तीन प्रश्न विचारतो: कोणत्या साचाचे, किती दुर्मिळ आणि किती झिजलेले. जुने म्हणजे महाग ही आपली समजूत. काका हसले. १९१८ चे आमच्याकडे दोन होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची इतकी ओढ लागली की १९१८ साली अमेरिकेने खास कायदा करून आपले चांदीचे डॉलर कोट्यवधींनी वितळवले आणि ती चांदी इकडे विकली. त्या धामधुमीतले रुपये घराघरांत आहेत, त्यांना चांदीपेक्षा फारसे कोण जास्त देणार? त्याउलट १९३९ चा रुपया. महायुद्ध सुरू झालेल्या वर्षाचा हा मुंबईचा रुपया इतका थोडा उरला आहे की नाव काढले तरी संग्राहक कान टवकारतात. म्हणूनच त्याच्या नकला बक्कळ. १९३८ मधल्या आठाचा नऊ करून विकतात. फूटपाथवर कुणी १९३९ चा स्वस्तात देऊ लागला तर पुढे चला.

साल तेवढे पाहूनही भागत नाही. राणीच्या रुपयावर १८४० लिहिलेले असले तरी तो १८४० मध्येच पडला असे नव्हे. तेच साल घालून वीसेक वर्षे रुपये पाडले. त्यातल्या आधीच्यांवर 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरे राणीच्या डोक्यावरून सलग जातात, नंतरच्यांवर ती डोक्याने तुटून दोन बाजूंना होतात. आमचा तुटक अक्षरांचा निघाला. मागच्या बाजूला पानांचे तोरण आहे, त्यातली बारीक फळे मोजून लोक पोटभेद ठरवतात! १८६२ च्या रुपयाचेही तसेच. ते साल १८७४ पर्यंत बदलले नाही, आणि मुंबईच्या काही रुपयांवर सालाच्या आसपास ठिपके देऊन वर्षे मोजली आहेत. आमच्या १८६२ वर ठिपके होते म्हणे. होते म्हणे, कारण कुणा आजेसासूबाईंनी गळ्यात घालायला त्याला वर कडी लावून घेतली होती, आणि सोनाराचा डाख पसरून एक कड बुजून गेली होती. डाख लागलेले किंवा भोक पाडलेले नाणे संग्राहक सहसा घेत नाहीत. त्याचा भाव चांदीवर आला.

माहेरची खूण इथेच सांगून टाकते. पाचव्या जॉर्जचा रुपया उलटा करा. गोलाभोवती फुलांची वेल आहे, तिच्यात अगदी खाली कमळ आहे. त्या कमळाखाली मोहरीएवढा उठावाचा ठिपका असेल तर रुपया मुंबईचा. ठिपका नसेल तर कलकत्त्याचा. एडवर्डच्या रुपयावर मुंबईसाठी खोलगट बारीक 'बी' अक्षर असते. आणि १९४३ ते १९४५ च्या रुपयावर सालाखाली 'एल' दिसले तर तो लाहोरचा. आमचा १९४४ चा लाहोरचा निघाला. फाळणीआधी तो तिकडून साताऱ्यापर्यंत कुणाच्या कनवटीला येत राहिला असेल, देव जाणे.

झिजेच्या पायऱ्यांना व्यापारात इंग्रजी नावेच चालतात. फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन आणि सगळ्यात वर अनसर्क्युलेटेड, म्हणजे बाजारात न फिरलेले. नावांवरून घोटाळू नका, 'फाइन' म्हणजे चांगलेच झिजलेले. आपल्या भाषेत सांगायचे तर रोजची नेसणीतली साडी, सणासुदीची साडी, दोनदा नेसलेली आणि घडी न मोडलेली. एकाच सालच्या दोन रुपयांत घडी न मोडलेल्याला कितीतरी पट किंमत येते. झीज नेहमी उंचवट्यावर आधी दिसते. राणीच्या कानावरचे केस आणि अंगरख्याची वेलबुट्टी बघायची. बोडक्या राजाची भुवई आणि कानावरचे केस. पाचव्या जॉर्जचा मुकुट, आणि छातीवरच्या साखळीतला हत्ती.

त्या हत्तीने माझा घात केला.

आमच्या नऊ जॉर्जांमध्ये एक १९११ चा होता. काकांनी तो उचलला तेव्हा त्यांचे बोलणे थांबले. गोष्ट अशी की त्या वर्षी राजाच्या झग्यावरचा हत्ती कोरणाऱ्याने असा कोरला की आखूड सोंडेमुळे तो डुकरासारखा दिसे. बोभाटा झाला, मुसलमान समाजाला ते फार लागले. सरकारने वाटलेले रुपये मागे घेतले, न वाटलेले बहुतेक वितळवले, आणि १९१२ पासून सुधारलेला हत्ती घातला. त्यामुळे १९११ चा साचा त्या एकाच वर्षाचा. 'डुकराचा रुपया' म्हणून संग्राहक त्याच्या मागे असतात. पण त्याची सगळी गंमत त्या हत्तीत. काकांनी भिंग लावले, नाणे उजेडात तिरके करून फिरवले, काट्यावर ठेवले. मग म्हणाले, "बेन, हा रुपया बाजारात फार फिरलेला नाही. हा घरात झिजला आहे."

मला आधी कळले नाही. त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. राजाच्या गालावर, झग्यावर, मागच्या मोकळ्या जागेतही केसासारख्या बारीक रेघाच रेघा, सगळ्या एका दिशेने. हाताहातांतून फिरलेले नाणे उंचवट्यावर झिजते, खोलगटात नाही. हे सगळीकडून सारखे घासले गेले होते. हत्तीच्या जागी नुसता एक गुळगुळीत उंचवटा. धाकटी माझ्याकडे बघत होती आणि मी खाली.

दर धनत्रयोदशीला त्या रुपयांना चिंच आणि रांगोळी लावून चकाकून काढायचे काम माझे होते. लग्न झाले त्या वर्षीपासून. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "मधलीच्या हाताला चांदी कशी उजळते बघा!" सव्वीस दिवाळ्या मी तो हत्ती घासत होते. रांगोळी म्हणजे दगडाचे पीठ, चांदी मऊ. दर वेळी थोडी थोडी कोपरात वाहून गेली.

काकांनी समजूत घातली. म्हणाले, "दहांतले आठ रुपये माझ्याकडे असेच येतात. सगळ्यांच्या घरी चिंच आहे." पण घासला नसता तर तो कोणत्या पायरीवर बसला असता हे विचारायचे धाडस मला झाले नाही. धाकटीने विचारले. काकांनी सांगितले. मी इथे लिहीत नाही.

तेव्हा बायांनो, हात जोडून सांगते, चांदीचे जुने नाणे घासू नका. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट नको, बाजारातली पावडर तर नकोच. काळसरपणा म्हणजे मळ नव्हे. तो चांदीवरचा थर आहे आणि संग्राहकाला तोच आवडतो, कारण घासलेले नाही याचा तो पुरावा. हळदकुंकू अक्षरांत गच्च बसले असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, मऊ सुती कापडावर टिपून घ्या, पुसू नका. रबरबँडने बांधू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळीठिक्कर पडते. मऊ चिकट प्लॅस्टिकच्या पिशव्याही वाईट, कालांतराने त्यांचा हिरवट ओशटपणा नाण्याला लागतो. प्रत्येक रुपया कोऱ्या कागदाच्या वेगळ्या पुडीत, वर साल लिहून. एकमेकांवर आपटले की ओरखडे पडतात. मग पूजेचे काय? आम्ही आता पारदर्शक झाकणाच्या छोट्या गोल डब्या आणल्या आहेत. डबीसकट विड्याच्या पानावर ठेवायचे, कुंकू झाकणावर वाहायचे.

खोटे ओळखायला काकांनी सांगितलेले घरगुती उपाय: सोनाराच्या काट्यावर वजन बघा, ११.६६ पासून फार खाली गेले तर शंका घ्या. काठाचे दाते सारखे आहेत का, ओतीव नाण्यासारखी काठावर जोडाची रेघ किंवा अंगावर फोडांसारखे पुटकुळे आहेत का, ते भिंगाने बघा. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच वाजवले तर खरा रुपया लांबवर निनादतो, खोटा बद्द वाजतो. (आपटून वाजवू नका, पूर्वीचे लोक वाजवत ते निराळे.) आणि तीर्थाच्या ठिकाणी रामदरबाराचे किंवा मारुतीचे चित्र आणि मागे 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असे लिहिलेली नाणी मिळतात ना, तसली कंपनीने कधी पाडली नाहीत. मोठ्या जाऊबाईंनी यात्रेहून आणलेले एक होते. त्यांना हे सांगायचे काम धाकटीने माझ्यावर ढकलले.

फोनवर येणाऱ्या निरोपांचेही सांगते. 'तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये, आधी एवढी फी भरा' अशांना भुलू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. ती अशा व्यवहारात नसते आणि कुणाकडून फी मागत नाही. शंभर वर्षांवरचे नाणे परदेशातल्या लेकीला पाठवायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आणि जुने घर पाडताना भिंतीतून गाडगे निघाले, तर ते निमूट वाटून घ्यायचे नसते. १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावे लागते.

परतीच्या गाडीत धाकटी आणि मी फारसे बोललो नाही. काकांनी चोवीस पुड्यांवर साल, टांकसाळ आणि पायरी बारीक अक्षरात लिहून दिली होती. त्यांनी दोनतीन नाणी विकत मागितली, पण घाई केली नाही. "आधी घरी विचारा, दुसऱ्या ठिकाणीही दाखवा," म्हणाले. पारख करायचे पैसे मात्र घेतले नाहीत, त्यांच्या पुतणीसाठी आणलेले कंदी पेढे तेवढे ठेवून घेतले.

साताऱ्याला मोठ्या जाऊबाईंच्या ओट्यावर चोवीस पुड्या मांडल्या. मोडायचे आता कुणाच्याच मनात नव्हते, पण वाटायचे कसे? आठ-आठ म्हणून डोळे मिटून उचलले असते तर एखादीच्या वाट्याला दोन्ही वाघ आणि चारही निम्म्या चांदीचे आले असते, आणि दहा वर्षांनी कुणाच्या तरी सुनेने ते काढून दाखवले असते. शेवटी पूर्ण चांदीचे सोळा, हाली आणि अंकुशी असे अठरा एकीकडे केले, सहा-सहा. निम्म्या चांदीचे चार आणि निकेलचे दोन एकीकडे, दोन-दोन. सासूबाईंचा आठाचा आकडाही राहिला. अंकुशी मोठ्या जाऊबाईंनी घ्यावा हे धाकटीनेच सुचवले, आणि हाली तिने स्वतः मागून घेतला, चारमिनार आहे म्हणून. १९११ चा डुकराचा रुपया कुणी मागायच्या आत मी उचलला. तो दुसऱ्या कुणाच्या डबीत मला बघवला नसता.

वाटणी झाल्यावर मी घरी यायला निघाले. चपला पायात सरकवते तोच मोठ्या जाऊबाईंची सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात वाटी. "आत्या, पूजेला काढलेच आहेत तर उजळून ठेवू का? चिंच भिजवलीय मी."

मी चपलांसकट आत धावले.